इंदूरची दूध पिणारी तलवार

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या फोनवर एक फोटो आला आणि हातातला चहा खाली ठेवायचंही मला सुचेना. फोटोत पाट होता, पाटावर गंधानं काढलेले नाग, शेजारी लाह्यांची वाटी, आघाडा, दूर्वा, आणि या सगळ्याच्या मधोमध हळदीकुंकवानं माखलेली एक तलवार! खाली मंजिरीनं लिहिलं होतं, ‘मॅडम, हा आमच्या सासरचा नागोबा. तुम्हाला तलवारींचा शौक आहे म्हणून पाठवला.’

मी फोटो मोठा करकरून पाहिला. मुठीवर खरोखरच नाग होता. पण फणा काढलेला आपला नागोबा नव्हे. एका काठीला वेढे घालत वर चढलेला साधा, सडपातळ साप. मी जी किंचाळले, ती नवरा आतून टॉवेल गुंडाळूनच धावत आला. त्याला वाटलं, कुणी गेलं की काय.

आता मी कोण ते सांगते. मी सर्जन. सांगलीत चौतीस वर्षं लोकांची पोटं उघडली आणि शिवली, दोन वर्षांपूर्वी थांबले. छंद एकच, आणि तोही चारचौघांत सांगायला जरा चमत्कारिक: जुन्या फौजांमधल्या डॉक्टरांच्या मानाच्या तलवारी. लोक विचारतात, डॉक्टरला तलवार कशाला? लढायला नव्हेच मुळी! परेडला, दरबाराला, मेजवानीला बाकीच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला तलवार लटकते, मग डॉक्टरच्या का नको, एवढ्यासाठी. बारीक, हलकी, देखणी, पात्यावर वेलबुट्टी, आणि धार मात्र बहुतेक वेळा नाहीच. दिवसभर जो माणूस करवतीनं हातपाय कापायचा, त्याच्या कमरेला संध्याकाळी न कापणारी तलवार. मला याचं हसूही येतं आणि त्या माणसाबद्दल मायाही वाटते. अशा तलवारी मी आजवर तीनच पाहिल्या होत्या, तिन्ही काचेआड. नाग असलेली एकही नाही. काठीला वेढे घातलेला साप ही युरोपातल्या वैद्यांची जुनी खूण. इंग्रजी फौजेतल्या डॉक्टरांच्या तलवारीवर तो सहसा नसे, फ्रेंचांकडे असे. मग हा इंदुरात कसा आला?

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली आणि माझा जीव खालीवर झाला. मुठीवरून दूध ओघळत होतं, थेट म्यानात. पोलादावर दूध! मी मंजिरीला तिथल्या तिथं फोन लावला आणि पुढच्या नागपंचमीला तुमच्याकडे येते म्हणून जाहीर करून टाकलं. ‘कापायचं सोडलंस आणि आता कापायच्या वस्तूंच्या मागे लागलीस,’ असं म्हणत नवऱ्यानं तिकीट काढून दिलं.

चतुर्थी

रेल्वेच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वरचा बर्थ मिळाला आणि गुडघ्यांनी निषेध नोंदवला, एवढंच.

मंजिरी स्टेशनवर आली होती. ती पूर्वी आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन इंदूरला आली. अस्सल सांगलीची पोरगी, पण आता तिचं बोलणं ऐकून मी बघतच राहिले.

“मॅडम, सामान बस एवढंच? चला, ऑटो रोकून ठेवला आहे. पहले नाश्ता करू, मग घर. आपण थकले असाल नं?”

आमच्याकडे असली असती तर ‘दमलाय का काय ओ?’ म्हणाली असती. मला तिच्या तोंडून ‘आपण’ ऐकून उगाच ताठ बसावंसं वाटलं.

नाश्ता म्हणजे पोहे. आपण पोहे फोडणीत परततो आणि लगेच खातो. इथं मोठ्या परातीतले पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात आणि सकाळभर मऊसूत राहतात. फोडणीत बडीशेप, वर मूठभर सेव, जिरावन नावाचा काळपट आंबटतिखट मसाला आणि अर्धं लिंबू. सोबत जिलबी! पोह्यांबरोबर जिलबी म्हटल्यावर मी नाक मुरडलं आणि मग दोन प्लेटी संपवल्या. पोहेवाल्यानं मला पाहिल्या पाहिल्या ओळखलं. “भेनजी पहली बार आई हैं इंदौर. नींबू और निचोड़ो, तब मजा आयेगा.” मी आणखी निचोडलं. मजा आली.

घर दुसऱ्या मजल्यावरचं, लख्ख, हवेशीर. मंजिरीचा नवरा कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेलेला, म्हणजे आमच्या गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. घरात होते ते तिचे सासरे, आप्पा. वय ब्याऐंशी, मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक, बारीक अंगकाठी, पांढराशुभ्र झब्बा.

“या डॉक्टरसाहेब. खास आमच्या नागोबासाठी सांगलीहून? वा! मंजिरी बोलली तेव्हा मला पहले यकीनच होईना.”

मी ताबडतोब विचारलं, “दाखवता का?”

“उद्या. वर्षातून एकच दिवस बाहेर येते ती.”

मला एक दिवस थांबायचं म्हणजे शिक्षाच होती. पण पाहुण्यानं किती हट्ट करावा!

जेवायला आम्ही दोघीच बसलो. आप्पांचा उपास होता. नागचतुर्थीचा उपास आमच्या भागात बायका करतात, भावाला आयुष्य लाभावं म्हणून. शिराळ्याच्या आसपास तर त्याचं फार. पुरुषानं तो केलेला मी जन्मात पाहिला नव्हता, आणि माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं.

“आप्पा, हा तर बहिणींचा उपास!”

“हो,” ते म्हणाले. “पण आम्हाला बहीण नव्हती.”

आणि त्यांनी पेरू घेतला, टेबलाच्या कडेवर ठेवला, वरून मूठ मारून फोडला आणि बोटांनी तुकडे करून खाऊ लागले. मंजिरीनं नुसतीच माझ्याकडे पाहून मान हलवली. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, “मॅडम, ते कधीच चाकू हातात घेत नाहीत. आंबा पण तसाच चोखून. सासूबाई होत्या तेव्हा त्या कापून द्यायच्या, आता मी. लग्नाच्या बाद मी एकदा विचारलं होतं, तर सासूबाई बोलल्या, नको विचारू. मी नाही विचारलं.”

दुपारी मंजिरी मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दाखवायला घेऊन गेली. राजघराण्याच्या समाध्यांवरच्या त्या नदीकाठच्या कोरीव छत्र्या मी पाहिल्या, आवडल्याही, पण खरं सांगू का, माझं लक्ष वेधलं ते जवळच्या गल्लीतल्या एका दुकानानं. दुकान कसलं, खोकं. आत गरगर फिरणारी धार लावायची सान आणि तिच्यावर शिंप्याची कात्री टेकवून बसलेला एक म्हातारा. ठिणग्या उडत होत्या. आयुष्यभर हत्यारांच्या धारेवर ज्याचं पोट होतं त्यानं अशा दुकानावरून पुढे कसं जावं? मी तिथंच बाकावर बसकण मारली. त्याचं नाव हमीदभाई. मी सर्जन आहे म्हटल्यावर त्यानं एका मागोमाग एक कात्र्या माझ्या हातात दिल्या आणि माझी परीक्षा घेतली. पाचपैकी चारांत मी पास झाले.

“एक पुरानी तलवार दिखानी है,” मी माझ्या हिंदीत म्हणाले. “कल लाऊँ क्या?”

“कल मत आना बाई. कल छुट्टी. नागपंचमी है नी.”

“तुम भी पालते हो?”

“अपन क्या पालेंगे, गिराक पालते हैं!” तो हसला. “अब्बा के टाइम से देख रिया हूँ, इस दिन मराठी और मालवी घरों से कैंची-छुरी आती ही नी है. तो खाली बैठ के क्या करूँ? मैं भी आराम कर लेता हूँ.”

आमच्या आईनं हे ऐकायला हवं होतं. नागपंचमीला काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून ती आदल्या दिवशीच विळी माळ्यावर टाकायची. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका पंचमीला अपेंडिक्स काढलं, तर तिनं माझ्या वाटचं प्रायश्चित्त म्हणून दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पेशंट ठणठणीत बरा झाला. आईला मात्र चक्कर आली.

पंचमी

सकाळी आप्पांनी कपाटातून लाल कापडात गुंडाळलेली तलवार आणली आणि पाटावर ठेवली. मी अक्षरशः श्वास धरून बसले होते. कापड सुटलं. पितळी म्यान, हिरवटलेलं. मुठीवर हळदीचे आणि कुंकवाचे इतके थर की बोटाच्या नखाएवढी जाडी. आणि त्या थरांतून डोकं वर काढणारा साप. काठी, वेढे, खवले, सगळं जागच्या जागी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या व्यवसायाची खूण एका घरात इतकी वर्षं देव होऊन बसली होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. हा साप नागोबा नव्हे, वैद्यांचा साप आहे, युरोपात डॉक्टरांचं चिन्ह आहे, वगैरे. आप्पा शांतपणे ऐकत होते.

“म्हणजे तिकडेही साप औषधाचाच,” ते म्हणाले. “मग आमचं फार काही चुकलं नाही.”

तलवारीची गोष्ट त्यांनी सांगितली ती थोडक्यात अशी. त्यांचे आजोबा इथून जवळच महूच्या छावणीत फौजी इस्पितळात कंपाउंडर होते. एक गोरा सर्जन मायदेशी कायमचा परत जाताना ही त्यांना देऊन गेला. मुठीवरचा साप बहुधा त्यानं हौसेनं करून घेतलेला असावा. नक्की मलाही सांगता येत नाही. कंपाउंडरसाहेबांच्या बायकोनं साप पाहिला, हात जोडले आणि पुढच्या पंचमीला तलवार पाटावर बसली. ज्या दिवशी घरात सुरीसुद्धा दिसू द्यायची नाही त्या दिवशी या घरात तलवारीची पूजा! असं घर जगात दुसरं नसेल.

मग आप्पांनी तांब्या उचलला आणि दूध ओतलं. धार मुठीवरून सापावर, सापावरून म्यानाच्या तोंडात. मी दात आवळून बसले. प्रत्येक थेंबागणिक मला आतलं पातं गंजताना ऐकू येत होतं.

पूजा झाली. नैवेद्याला पुरणाची दिंडं, अगदी आपल्यासारखी उकडलेली. शेजारच्या मालवी काकूंनी दालबाटी पाठवली, कारण त्यांच्याकडेही आज तवा नाही. मी खुशीत होते. त्या खुशीत मला आठवलं की सांगलीचे बेदाणे अजून खोक्यातच आहेत. खोकं आणलं, त्याची चिकटपट्टी निघेना, म्हणून पर्समधून माझा छोटा चाकू काढला, पातं उघडलं आणि एका झटक्यात पट्टी कापली.

वर पाहिलं तर मंजिरीनं तोंडावर हात ठेवलेला, आणि आप्पांचा चेहरा पांढराफटक. ते भिंतीला धरून उठले आणि गॅलरीत निघून गेले.

मला लाज वाटली, पण फक्त रीत मोडल्याची. माफी मागायला मागोमाग गेले. आप्पा खुर्चीत बसले होते, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. मी सर्जन, माझं लक्ष आधी हातांकडे जातं.

“आप्पा, चुकलंच माझं.”

“तुमचं नाही हो.” त्यांनी आत पाटाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपण तलवारींतल्या जाणकार. एक विचारू? ती किती तेज असते?”

आणि मग त्यांनी सांगितलं. ते दहा वर्षांचे होते, धाकटा भाऊ बाळू सहाचा. पंचमीच्या दिवशी मोठी माणसं जेवायला बसलेली असताना त्यांनी पाटावरची तलवार उचलली, म्यानातून उपसली आणि ‘पळ, शत्रू आला!’ म्हणत बाळूच्या मागे लागले. त्यांचं तेव्हाचं घर टांग्यांच्या अड्ड्याला लागून होतं. बाळू अनवाणी त्या अड्ड्यातून पळाला. दोघंही एकमेकांच्या अंगावर पडले. उठून पाहतात तो बाळूच्या टाचेतून रक्त.

“आठव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना,” आप्पा म्हणाले. “धनुर्वात. तीन दिवसांत खतम. घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. आईनं तलवार पुसली, म्यानात घातली आणि तिच्यावर तांब्याभर दूध ओतलं. बोलली, नागोबा, आता शांत हो. त्याच्या पहले दूध नव्हतं, फक्त हळदकुंकू असायचं. तेव्हापासून दरवर्षी दूध. ती म्यानातून पुन्हा निघाली नाही, आणि मी कापायची कुठली चीज हातात घेतली नाही. घरात सगळ्यांना मी डॉक्टर व्हावं असं होतं. कॉलेजात बेडूक कापायचा तास आला, मी उठलो तो परत गेलोच नाही.”

बहात्तर वर्षं! मी सकाळी ज्या दुधाला मनातल्या मनात नावं ठेवत होते ते दूध म्हणजे एका आईनं देवाकडे घातलेलं गाऱ्हाणं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आम्हा दोघांत एक कायदा होता,” ते पुढे म्हणाले. “काही वाटायचं असलं, बर्फी, संत्रं, काहीही, तर मोठा म्हणून मी कापायचं, आणि बाळूनं आधी उचलायचं. मोठी फोड कायम त्याची. मी कितीही बरोबर कापलं तरी त्याला मोठी कुठली ते दिसायचं.” ते किंचित हसले.

माझ्यानं राहवलं नाही. “आप्पा, ही डॉक्टरची मानाची तलवार आहे! हिला धार नसतेच! हिनं बाळूला काही झालेलं नाही!”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर शेकडो वेळा पाहिली आहे. त्या नजरेला मी कधीही तपासल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं, आणि आज देऊन बसले होते.

कारण दुसऱ्याच क्षणाला मला आठवलं: सगळ्याच बिनधारेच्या नसत. मोहिमेवर निघताना काही अधिकारी धार लावून घेत. हा सर्जन कुठे कुठे गेला होता, कुणास ठाऊक. आणि टोक? धार नसली तरी टोक अणकुचीदार असू शकतं. पातं बाहेर आलं आणि ते धारदार निघालं तर मी या माणसाला बहात्तर वर्षांची शिक्षा कायम करून घरी परतणार होते.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. लपवायचं कशाला? म्हटलं, “मी घाईनं बोलले. म्यान उघडेपर्यंत मलाही माहीत नाही. तुम्ही म्हणाल तर उघडायलाच नको.”

आप्पा उठले. “उघडू. आणि धार निघाली तर तेही सांगा. पेशंटला खोटं बोलून बरं करायचं नाही.”

षष्ठी

तलवार घेऊन इंदूरच्या रस्त्यातून जाणं हे काही खायचं काम नाही. मंजिरीनं ती आधी चादरीत, मग योगाच्या चटईत गुंडाळली. ऑटोच्या मागच्या सीटवर आप्पा मधे, चटई आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवी, आणि तिचं एक टोक बाहेर. प्रत्येक सिग्नलला मी ते टोक आत ओढत होते.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. “कां ले जा रिये हो भिया इसको? परदे की रॉड है?”

“हाँ,” मंजिरी म्हणाली, आणि त्याच वेळी मी म्हणाले, “नहीं, तलवार.” ऑटोवाला इतका हसला की पुढच्या स्कूटरला घासता घासता वाचला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे आमचं नशीब.

हमीदभाईनं चटई उलगडली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं कुंकवाला बोट लावलं, मग ते बोट कपाळापाशी नेऊन परत घेतलं, आणि आप्पांना म्हणाला, “पूजा की चीज है बाबूजी. आपकी इजाजत हो तो ही हाथ लगाऊँगा.”

“लगाइये,” आप्पा म्हणाले.

मूठ त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवली, थर एकही काढला नाही. म्यानाच्या तोंडात घासलेट सोडलं. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं म्यानाला गुंडाळलं, पिळलं, पुन्हा गुंडाळलं. आम्हाला चहा पाजला. पुन्हा घासलेट. लाकडी हातोडीनं टक टक टक, वरून खाली, खालून वर. पाऊण तास गेला. मी दोनदा सुचवलं की जरा ओढून पाहू या. त्यानं दोन्ही वेळा ‘बाई, आप पेट खोलते टाइम ऐसी जल्दी करते थे क्या?’ असं विचारून मला गप्प केलं. आप्पा बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

मग एकाएकी कर्रर्र असा आवाज झाला आणि पातं चार बोटं पुढे आलं. हमीदभाईनं गुडघ्यात म्यान धरलं, श्वास घेतला आणि तलवार बाहेर काढली.

अर्धं पातं तपकिरी, खवल्याखवल्यांचं. पण टोकाकडचा हातभर भाग, जिथं दूध पोचलंच नव्हतं, चकचकीत! त्यावर वेलबुट्टी, पानं, एक इवलं फूल. एरवी मी तिथं नाचले असते. आता फक्त कडेकडे पाहत होते, आणि माझी नजर काहीच ठरवू शकत नव्हती. हवं ते दिसावं अशी इच्छा असली की डोळे कामातून जातात.

“हमीदभाई, तुम देखो,” मी म्हणाले.

त्यानं चष्मा लावला. पातं उजेडात धरलं, कड डोळ्यासमोर आणली, अंगठ्याचं नख आडवं ठेवून मुठीपासून टोकापर्यंत सावकाश नेलं. परत आणलं. पातं उलटं केलं, पुन्हा तेच. मग टोक तळहातावर टेकवून दाबलं.

“ये देखो बाबूजी,” तो आप्पांजवळ सरकला. “जिस लोहे को एक बार भी सान लगी हो नी, उसकी किनार पे ढलान बन जाता है. कितनी भी पुरानी हो, जंग खा जाये, वो ढलान जाता नी है. इसमें है ई नी. इस तरफ का आधा तो शीशे जैसा साफ है, यहाँ होता तो दिखता. ये जैसी बन के आई, वैसी की वैसी है. और नोक देखो, गोल. इसने कभी किसी को नी काटा. इससे तो ककड़ी ना कटे.”

आप्पांनी हात मांडीखालून काढला. एक बोट टोकावर टेकवलं, मग कडेवर. मग सगळा तळहात पात्यावर ठेवून ते तसेच बसले.

“जखम कशी होती, आप्पा?” मी विचारलं. “लांब, चिरल्यासारखी?”

“नाही. भोक पडल्यासारखी. बारीक. खोल.”

“मग ऐका. आता मी तपासून बोलते आहे. या टोकानं तसं भोक पडत नाही. टांग्यांचा अड्डा, घोड्यांची लीद, नाल ठोकायचे खिळे, आणि अनवाणी पोर. धनुर्वाताला याहून जास्त काही लागत नाही. नक्की काय रुतलं ते मला सांगता येणार नाही. पण ते या तलवारीचं नव्हतं.”

आप्पांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

“पण पळवला तर मीच ना?” ते म्हणाले.

“पळवलात,” मी म्हणाले. “मोठे भाऊ पळवतातच. मला तीन आहेत.”

हमीदभाईनं पात्याला तेलाचा हात फिरवून दिला. मूठ होती तशीच ठेवली.

सप्तमी

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मंजिरी म्हणाली, “मॅडम, जाताना तर घरचेच पोहे खाऊन जा.” तिनं वाफेवरचे पोहे केले, वर सेव, जिरावन. आदल्या दिवशी तिनं मला भुट्ट्याचा किसही खिलवला होता, दुधात शिजवलेला किसलेल्या मक्याचा तो प्रकार, आणि मी त्याची कृती लिहून घेतली आहे. आमच्याकडच्या कणसांना ते जमेल की नाही, पाहू. तलवार पुन्हा कपाटात गेली होती. पुढच्या पंचमीपासून दूध समोर वाटीत ठेवायचं, असं आप्पांनीच ठरवलं. मी काही बोलले नव्हते, शपथेवर.

तिघं टेबलाशी बसलो. मंजिरी लिंबू आणि सुरी घेऊन आली आणि सवयीनं कापायला लागली.

“थांब,” आप्पा म्हणाले. “दे इकडे.”

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. तिनं सुरी मुठीकडून पुढे केली.

आप्पांनी लिंबू बशीत ठेवलं. सुरी कशी धरायची हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पेन धरतात तशी धरली होती. लिंबू दोनदा निसटलं, एकदा टेबलाखाली गेलं. मंजिरीनं वाकून परत दिलं. मी माझे हात घट्ट एकमेकांत गुंतवून ठेवले होते, कारण ते सुरी नीट धरून द्यायला धावत होते. तिसऱ्या खेपेला पातं सालीत शिरलं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि दाबलं. रस उडाला, एक बी माझ्या चष्म्यावर येऊन बसली. लिंबाचे दोन तुकडे झाले, एक भला मोठा आणि एक चिमुकला.

आप्पांनी सुरी खाली ठेवली. दोन्ही फोडींकडे थोडा वेळ पाहिलं. मग बशी माझ्यापुढे सरकवली.

“मी कापलं,” ते म्हणाले. “आधी तुम्ही उचला.”

मी मोठी फोड उचलली.